शहागडला पोचलेल्या मेंढ्या

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझी पणजी कडूबाई हिच्यावर गुदरलेलं आहे. तिनं सांगितलं तसं सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. दिवाळी सरली होती. जालन्याच्या वरच्या अंगाला, माळावर, कडूबाई आणि तिचा लेक राधाकिसन पुढची वाट ठरवत बसले होते.

अजिंठ्याच्या जंगलातलं गवत संपलं की मेंढ्या गोदावरीपलीकडे बालाघाटच्या जंगलात न्यायच्या. लांबची वाट. वाटेत ज्याच्या शेतात मेंढ्या रात्री बसवायच्या, त्यानं लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायची. म्हणून मुक्काम आधीच ठरवावे लागत. राधाकिसननं घोंगडीवर मुक्कामाला एकेक खडा मांडला.

अंबडच्या अलीकडच्या बाभळीचा खडा त्यानं मांडलाच नाही...

गेल्या साली त्याच बाभळीखाली त्याची बायको साखराबाई तापानं आडवी झाली होती. शहागडच्या शेतकऱ्याला ठरल्या दिवशी पोचायचा शब्द दिलेला. मायलेकांनी तिच्या उशाशी पाण्याचं मडकं ठेवलं आणि मेंढ्या पुढे हाकल्या.

परत आले तेव्हा ती गेलेली होती. मडकं तसंच भरलेलं.

"फेर पडला तरी चालंल," राधाकिसन म्हणाला. "त्या झाडाखालून जायचं न्हाई."

कडूबाईनं खडे गोळा केले. तिलाही तेच हवं होतं.

निघाले. फेराच्या वळणावर आले तेव्हा दिवस बुडत होता.

एकाएकी कोकरांचं ओरडणं थांबलं...

कुत्रं शेपूट घालून कडूबाईच्या पायात शिरलं.

आणि बाभळीच्या बाजूनं हाक आली...

"हुर्रर्र... या गं बायांनो..."

मेंढरं मालकाला ओळखत नाहीत. ज्यानं पाजलं-चारलं, त्याची हाक ओळखतात. हा सगळा कळप साखराबाईनं वाढवलेला. वाट ठरवताना दोघंही नेमकं हेच विसरले होते.

कळप वळला. राधाकिसन घसा फुटेस्तोवर ओरडला. एकीनंही मागे पाहिलं नाही.

बाभळीखाली मेंढ्या गोल करून बसल्या. मधली जागा मोकळी सोडून... एका माणसाला आडवं होता येईल एवढी.

उजाडलं तेव्हा राधाकिसन त्याच जागेत पडला होता. अंग तापानं फणफणलेलं. तो तिथं कधी गेला, कडूबाईला कळलंच नाही.

पुन्हा हाक आली... आता शहागडच्या वाटेवरून.

मेंढ्या उठल्या आणि चालू लागल्या. पुढे कुणीच नव्हतं.

कळप गेला म्हणजे भाकरी गेली. कडूबाई दोन पावलं धावली. राधाकिसननं तिचा पदर धरला.

"माय, मला टाकून जाऊ नको."

ती खाली बसली. सुनेसाठी बसली नव्हती, लेकासाठी बसली. हे तिचं तिलाच उमगलं आणि ती ओक्साबोक्शी रडली.

ताप उतरल्यावर दोघं शहागडला गेली. तिथला शेतकरी बद्रीनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. मेंढ्या बराबर ठरल्या दिवशी आल्या होत्या, त्याच्या शेतात बसल्याही होत्या, असं त्यानं सांगितलं. सोबत एकटी बाई. पदर तोंडावर ओढलेला. ज्वारी तिनं घेतली नाही.

"म्या इचारलं, घरचे कुठं हायेत?" बद्रीनाथ म्हणाला. "तर म्हणली, आजारी हायेत, मागं टाकून आले. शब्द दिलाय, थांबता येत न्हाई."

कळप पुन्हा कुणालाच दिसला नाही. पलीकडच्या जंगलातही नाही.

अंबडच्या रस्त्यानं जाताना मी अजूनही गाडीची काच वर करतो. उन्हाळा असला तरी.