पांढरकाखेसाठी चिखलात

आमच्या मोहिमेचा हेतू एकच होता: भावोजींना खरं ठरवणं!

माझे भावोजी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी खाडीच्या मुखाशी एक पक्षी पाहिला. नेहमीच्या वाकचोचीसारखाच, लांब वाकड्या चोचीचा. पण पंख उचलल्यावर काखेत पट्टे नाहीत, शुभ्र पांढरं! आम्ही पक्षीवेडे त्याला पांढरकाख म्हणतो. आमच्या भागात तो कुणीच पाहिला नव्हता. भावोजींनी नोंद पाठवली आणि आमच्या पक्षीमित्र मंडळाच्या समितीने ती फेटाळली, कारण सोबत फोटो नव्हता. बातमी दुकानापर्यंत पोचली. तेव्हापासून गिऱ्हाइकं हसत म्हणतात, "आधी स्वतःचा नंबर तपासा हो!" भावोजीही हसतात. घरी येऊन मात्र जेवत नाहीत, असं ताई सांगते.

नोंद फेटाळणारे गृहस्थ म्हणजे अंपायर. इमारतींचे नकाशे तपासणारे निवृत्त इंजिनीअर, पण बोट वर करून लोकांना बाद करायची सवय अशी की खरं नाव सगळे विसरले. यंदा खाडीवर वाकचोचींचा मोठा थवा उतरलाय असं कळलं, तेव्हा भावोजींनी थेट त्यांनाच बोलावलं. "या वेळी साक्षीदार तुम्हीच!" मला हसू आवरेना. पण अंपायर आले, नवेकोरे गमबूट घालून.

तिसरी मी. पडदे शिवते; लपायची जाळीही मीच शिवली होती.

या पक्ष्यांचे फोटो काढायची एक रीत आहे. ओहोटीला ते दूर चिखलावर पांगलेले असतात, जवळ फिरकत नाहीत. म्हणून ओहोटीतच वाळूच्या उंचवट्यावर जाऊन जाळीखाली पालथं पडायचं आणि भरतीची वाट पाहायची. पाणी चढतं तसा थवा आपसूक तुमच्याकडे सरकतो. फक्त हलायचं नाही. मान वळवली तरी सगळा थवा आकाशात! आणि धोका पाठीमागे असतो. उंचवटा आणि किनारा यांच्यामधला ओहोळ आधी भरतो. त्यासाठी आम्ही येताना तिथे बांबू रोवला होता, गुडघ्याच्या उंचीवर लाल चिंधी बांधून. चिंधीला पाणी लागलं की निघायचं. सगळ्यात मागे मी पडले होते, म्हणून लक्ष ठेवायचं काम माझं.

"धाकटे, दर दहा मिनिटांनी बघ," भावोजींनी बजावलं होतं. "हळूच. काखेखालून."

मी बघत होते. अगदी डोळ्यांत तेल घालून! पण पाणी चढलं आणि थवा सरकू लागला. शंभर पावलं. साठ. चाळीस. आणि त्यात एक जरा फिकट, जरा बारीक चोचीचा!

"तोच," भावोजी पुटपुटले.

"बसलेला पक्षी मला चालणार नाही, चष्मेवाले. काख दाखवा," अंपायर कुजबुजले.

"एकदा पंख उचल रे राजा. एकदाच!"

मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बांबू विसरले. नाही, खरं सांगते, पूर्ण विसरले नाही. घोट्याला गार लागलं तेव्हा मी काखेखालून पाहिलं. चिंधी पाण्याखाली होती. तरी मी गप्प बसले! भावोजींना तेवढा एक फोटो मिळू दे, म्हणून मी दोन मिनिटं चोरली. अजून स्वतःला शिव्या घालते.

"भावोजी, ओहोळ भरला!" शेवटी मी म्हटलं.

अंपायर ताडकन उठले. थवा दचकून उडाला, गर्दीत काख काही दिसली नाही, आणि उंचवट्याच्या पार टोकाला उतरला. "अहो, शिंपल्यांच्या वाटेनं!" मी ओरडले. येताना आम्ही शिंपल्यांचा कडक पट्टा धरून आलो होतो. त्यांनी ऐकलं नाही. सरळ किनाऱ्याकडे धावले. चार पावलं. पाचवं पाऊल मांडीपर्यंत आत!

"पाय निघत नाहीये! चष्मेवाले!"

भावोजींनी कॅमेऱ्यातून डोळा काढला. टोकाशी तो पक्षी पंख झटकायच्या बेतात होता. एक क्षण, फक्त एकच क्षण, ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग कॅमेरा पिशवीत कोंबला आणि धावले.

"ओढू नका! मागे रेला, अंपायर साहेब. पलंगावर पडता तसे!"

"बुडेन मी!"

"उभे राहिलात तरच बुडाल. रेला म्हणतो ना!"

मी जाळी चिखलावर पसरली. त्यांची पाठ टेकली, पण खांदे खचू लागले. भावोजींनी पिशवी पाहिली. दहा वर्षं पैसे साठवून घेतलेलं कॅमेऱ्याचं भिंग होतं तिच्यात! ती त्यांनी अंपायरांच्या मानेखाली सारली आणि काखांत हात घालून ओढू लागले. मी कोपरापर्यंत चिखलात हात खुपसून बूट मोकळे करत होते. पाणी आलं. माझ्या हनुवटीला लागलं. एक पाय सुटला, बूट आतच राहिला.

तेवढ्यात उंचवटा बुडाला आणि थवा उठला! डोक्यावरून, अगदी डोक्यावरून शिट्ट्या घालत गेला. मी खाली तोंड करून खणत होते. भावोजींची मान अंपायरांच्या खांद्यावर झुकलेली. हात सोडून वर पाहिलं असतं तर खांदे पाण्याखाली गेले असते. शिट्टी ऐकून त्यांचे डोळे गच्च मिटले. त्यांनी मान वर केली नाही.

दुसरा पाय सुटला!

पिशवी काढायला वेळच नव्हता. एकमेकांचे पट्टे धरून, पायांनी शिंपले चाचपत, छातीभर पाण्यातून आम्ही ओहोळ ओलांडला. मधे माझे पाय सुटले, भावोजींनी वेणी धरून ओढलं. जीव वाचला, वेणी दोन दिवस दुखली.

किनाऱ्यावर तिघंही आडवे पडलो. मी रडतच दोन मिनिटांची चोरी सांगून टाकली. भावोजींनी नुसतं डोक्यावर थोपटलं.

अंपायर अनवाणी उठून बसले. दात वाजत होते. "चष्मेवाले, मी पाहिला. माझं तोंड आकाशाकडेच होतं. अकरा वर्षं तुम्हाला लोकांत खोटं पाडलं मी! उद्याच्या सभेत उभा राहून सांगतो. समिती मलाही बाद करेल. करू दे."

भावोजी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले.

"ते राहू द्या हो. तो दिसत कसा होता, तेवढं नीट सांगा. मी आज पाहिलाच नाही."

अंपायरांनी आपले चिखलाने माखलेले दोन्ही हात पंखांसारखे वर उचलले आणि सांगायला सुरुवात केली.