आजीबाईचा सूर कुणी पळवला?

झण्ण... ण्ण... ण्ण... ण!

भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं, फरशीवर गरागरा फिरलं आणि दमून पालथं पडलं. कोठीच्या खोलीत इतका वेळ जपून धरलेली शांतता क्षणात फुटली.

"गेला डाव!" कुरकुऱ्या ओरडला. "अजून जरा वेळ गप्प बसलो असतो तर विक्रम मोडला असता आपला! माझ्या नशिबात हे नेहमीचंच आहे!"

"गेला कुठे? गप्प बसायचं ते ऐकायला यावं म्हणूनच ना?" ताई म्हणाली. "सांगा बघू, झाकण कुणाच्या सुरात पडलं?"

पाच कपाळांना आठ्या पडल्या.

"मास्तरच्या," जुळ्यांमधली मोठी म्हणाली.

"मास्तरच्या किंचित वर," तिच्याहून चार मिनिटांनी लहान असलेली धाकटी म्हणाली.

'मास्तर' म्हणजे मधला उंच पेला. ताईने त्यावर चमचा टेकवला. टिंग! खरंच की! झाकण केसभर वर होतं. ताई त्या धाकटीकडे बघतच राहिली. हिला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पण कान कसला तिखट!

ताई पंधरा वर्षांची. उन्हाळी शिबिरात साठ मुलांचा स्वयंपाक करायचं काम तिच्या आईने घेतलं होतं, म्हणून सुट्टीत तीही इथेच आली होती. मोठ्या मुलांच्या वाद्यवृंदात सगळी वाद्यं आधीच वाटून झाली होती. "तू ही पाच चिल्लीपिल्ली सांभाळ. बसव त्यांना कुठेतरी," असं सांगून व्यवस्थापककाकांनी सगळ्यांत लहान पाच मुलं आणि ही रिकामी कोठी तिच्या पदरात टाकली. वाद्यं? वाद्यं नाहीत! मग ताईने आईच्या फळीवरून काचेचे पेले, वाडगे आणि बरण्या मागून आणल्या. कमीजास्त पाणी भरून लाकडी चमच्यांनी वाजवल्या, आणि झाला की वाद्यवृंद! सगळ्यांत चिमुकला पेला 'चिमणी' आणि सगळ्यांत मोठी, ढोल्या पोटाची बरणी 'आजीबाई'. आधी आजीबाईचा सूर लावायचा आणि तिच्या मागोमाग बाकीच्यांचा.

उद्या संध्याकाळी आईबाबांसमोर कार्यक्रम होता. "तुम्ही मंचावर वाजवणार म्हणजे वाजवणार!" असं ताईने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. टिकलीने तर घरी तसं पत्रही धाडलं होतं. टिकली सहा वर्षांची, सगळ्यांत छोटी. चिमणी तिच्याकडे होती.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"टाकी पुन्हा रिकामी!" दारात व्यवस्थापककाका उभे होते. एका कानाला फोन. "एक मिनिट हं," असं फोनला सांगून ते कडाडले, "अजून बारा वाजले नाहीत आणि टाकीत थेंब नाही! नवी कोरी टाकी! सोमवारपासून रोज हेच चाललंय. आणि सोमवारीच तुमचं हे पाणीवादन सुरू झालं!"

"काका, आम्ही तर एकच बादली..." ताई म्हणाली.

"एक मिनिट, तुम्हाला नाही म्हणालो," काका फोनमध्ये बोलले. मग ताईला म्हणाले, "तुझी आई शेजारच्या इमारतीतून बादल्या वाहून आणतेय, दिसत नाही तुला? आज संध्याकाळपर्यंत सगळी भांडी स्वयंपाकघरात परत गेली पाहिजेत. खोलीला कुलूप! उद्याच्या यादीतून तुमचं नाव कट!"

"पण काका..."

"एक मिनिट!" काका म्हणाले, ते फोनला की ताईला ते कळायच्या आत दार लागलंसुद्धा.

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. कुरकुऱ्यानेसुद्धा!

ताई खिडकीशी गेली. दोन्ही हातांत बादल्या घेऊन आई अंगण ओलांडत होती. मध्येच थांबून तिने बादल्या खाली ठेवल्या, लाल झालेल्या तळहातांवर फुंकर घातली आणि पुन्हा उचलल्या. ताई खिडकीपासून मागे फिरली. आपल्यामुळे? खरंच आपल्यामुळे होतंय हे?

"अशक्य," पंडित चष्मा वर सरकवत म्हणाला. पंडित नऊ वर्षांचा, पण बोलणं नव्वदीचं. "आपण सोमवारी जी बादली भरली तीच वापरतोय. टाकी पिऊन टाकायला आपण काय हत्ती आहोत?"

"मग कोण पितंय?" कुरकुऱ्याने विचारलं.



"चला," ताई आवाज सारखा करत म्हणाली, "परत द्यायच्या आधी एकदा शेवटचं वाजवून घेऊ."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दोनच ओळी झाल्या असतील, तोच कुरकुऱ्याने चमचा आपटला.

"आजीबाई बिघडलीय!"

"तिच्यातलं पाणी हललेलंही नाही," ताई म्हणाली.

"तरी बिघडलीय! एकटी एकटी वाजतेय!"

"हो गं ताई," जुळ्या एकदम म्हणाल्या. "तिच्याखाली काहीतरी असतं ना, ते नाहीये."

"खाली? खाली चटई आहे."

"चटई नाही," टिकली म्हणाली. "घूं! आजीबाईचा घूं कुठे गेला?"

"कसला घूं?"

पाचही जणांनी ताईकडे असं पाहिलं, जणू तिने 'आकाश कुठेय?' असं विचारलं होतं.

"सकाळी असतो तो!" टिकली म्हणाली, आणि जुळ्यांनी ओठ मिटून सूर धरला, "म्ऽऽऽ..." ताईने हळूच आजीबाईवर चमचा टेकवला. हुबेहूब तोच सूर! तसूभरही फरक नाही!

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोमवारी आजीबाईत चमच्याचमच्याने पाणी घालत असताना पाचही जण एकदम ओरडले होते, "बसला!" हे एकाच सुरावर कसे आले, याचं तिला केवढं नवल वाटलं होतं! पोरांनी तो सूर मनातून आणलाच नव्हता. या खोलीत तो आधीपासून वाजत होता, आणि त्यांनी न सांगता आजीबाईला त्याच्याशी जुळवून घेतलं होतं! आणि रोज 'आधी ऐका, मग वाजवा' असा घोष करणाऱ्या ताईला तो ऐकूच आला नव्हता.

"घूं सकाळी असतो आणि दुपारी नसतो?" तिने विचारलं.

"काल दुपारीही नव्हता," जुळ्या म्हणाल्या. "चारनंतर परत आला."

"चार वाजता पंप लागतो!" पंडित ताडकन उठला. "टाकीत पाणी तेव्हा घूं! टाकी रिकामी, घूं गायब!"

"म्हणजे घूं पाण्याचा आहे," ताई सावकाश म्हणाली. "पाणी कुठूनतरी वाहतंय. आपल्याला न विचारता."

चार वाजता पंप घरघरला. टाकी भरली, पंप थांबला. सगळे श्वास रोखून बसले. भिंतीतून, अगदी बारीक, मांजर झोपेत गुरगुरावं तसा आवाज आला. घूंऽऽऽ...

"आला!"

"पळा! सगळे नळ बघा!"

जुळ्या न्हाणीघरांकडे धावल्या, पंडित स्वयंपाकघरात, टिकली अंगणातल्या नळावर. धापा टाकत परत येऊन सगळ्यांचं म्हणणं एकच, "बंद! बंद! बंद!" तरीही घूं चालूच!

"आणि मला एकट्याला ठेवून गेलात!" कुरकुऱ्या भिंतीतल्या पाइपाला टेकून उभा होता. रुसून त्याने लाकडी चमचा दातांत धरला होता. त्याचं दुसरं टोक पाइपाला लागलं आणि तो टुणकन उडाला. "ताई! माझे दात गातायत!"

ताईने चमच्याचं एक टोक पाइपावर ठेवलं आणि दुसरं कानाला लावलं. अरे बापरे! लाकडातून तोच घूं घुमत येत होता, भुंगा कानात शिरल्यासारखा!

मग काय! पाच चमचे आणि पाच कान पाइपावरून निघाले. "इथे बारीक!" "इथे मोठा!" "थांब, ढकलू नकोस, भुंगा माझाय!" असं करत वरात मागच्या दाराने बाहेर पडली. तिथे मोडक्या बाकांचा ढीग रचलेला होता. पाइप सरळ त्याच्याखाली गेला होता.

"उचला!" ताई म्हणाली.

बाकं जड होती. एकेका बाकाला सहाजण लागले. कुरकुऱ्याचं बोट चेमटलं, पण नवल म्हणजे त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटचं बाक बाजूला झालं आणि खाली दिसला एक जुनाट व्हॉल्व्ह, अर्धवट उघडा! त्याच्यापुढचा पाइप थेट गटारात उतरला होता. पंडितने गटाराची जाळी वर केली. आत पाणी खळाळत चाललं होतं. वर एक थेंबही सांडत नव्हता, मग दिसणार कुणाला?

"सापडला पाणीपिऊ हत्ती!" पंडित म्हणाला.

ताई धावतच व्यवस्थापककाकांकडे गेली. त्यांच्यासमोर प्लंबरकाका पान्हा घेऊन बसले होते.

"काका, मागचा व्हॉल्व्ह..."

"एक मिनिट. मागची लाइन बंद आहे," व्यवस्थापककाका म्हणाले. "यांनी स्वतः सांगितलंय."

"टाकी मी बसवली, पाइप मी जोडला," प्लंबरकाका म्हणाले. "माझ्या कामात खोट नाही. पोरं पाणी सांडतात, दुसरं काय!"

"एकदा येऊन तर बघा!"

"कुलूप लावायला येतोच आहे मी. भांडी काढून ठेव."

ताई परतली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण बाहेर पडता पडताच तिच्या मनात आलं होतं, ही माणसं सांगून ऐकणाऱ्यातली नाहीत. त्यांना ऐकवायला हवं. आणि सारखा वाजणारा आवाज माणसाला ऐकू येत नाही, हे तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक! तो ऐकू येतो कधी, तर...

"कुरकुऱ्या, पंडित," ती कुजबुजली, "व्हॉल्व्हपाशी जा. टिकलीची टाळी ऐकू आली की बंद. दुसरी टाळी, की पुन्हा उघडा."

दोन्ही काका किल्ल्या खुळखुळवत आले.

"काका, कुलूप खुशाल लावा," ताई म्हणाली. "पण आधी आमची एक जादू बघा. तुम्ही रोज आम्हाला एक मिनिट थांबायला सांगता ना? आज आम्ही तुमच्याकडे एकच मिनिट मागतो. काही बोलायचं नाही. फोन बंद!"

जुळ्या फिसकन हसल्या. काकांनी भुवया उंचावल्या, पण फोन खिशात ठेवला.

खोली शांत झाली. प्लंबरकाका कंटाळून छताकडे बघत होते. टिकलीने दोन्ही तळवे उचलले.

टाळी!

एक क्षण गेला. आणि खोली खरोखरच शांत झाली.

"अरे!" व्यवस्थापककाका दचकले. "काय बंद झालं?"

"तुम्हाला काही ऐकू येत होतं का काका?" ताईने भाबडेपणाने विचारलं.

"नाही... म्हणजे... आता थांबलं ते काय होतं?"

टाळी! घूंऽऽऽ... टाळी! चूप.

प्लंबरकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा रे!" ते पुटपुटले. "रविवारी नवी टाकी धुतली, ते घाण पाणी मागच्या लाइनने सोडलं होतं. म्हटलं, निघून गेलं की करू बंद..."

"आणि दुसऱ्या दिवशी मी त्यावर बाकं रचायला लावली!" व्यवस्थापककाकांनी कपाळावर हात मारला.

खिडकीत कुरकुऱ्याचं घामेजलेलं डोकं उगवलं. "झाली का जादू? आमचे हात दुखायला लागले!"

व्यवस्थापककाका खो-खो हसत सुटले आणि किल्ल्या त्यांनी खिशात टाकल्या. प्लंबरकाका त्याच पावली मागे गेले. व्हॉल्व्ह घट्ट बंद केल्यावर त्यांनी मुलांच्या देखत त्याचं चाकच काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टाकी रात्रीपर्यंत पुरून उरली. आईने एकही बादली वाहिली नाही.

संध्याकाळी मंचावर काचेची भांडी ओळीने मांडली गेली. समोर आईबाबांची गर्दी. आजीबाईला जुळवून घ्यायला आता घूं नव्हता.  ताईने जुळ्यांकडे पाहिलं. त्या ओठ मिटून ताठ बसल्या होत्या. "म्ऽऽऽ..." अगदी हळू, पण अचूक! पंडितने अर्धा चमचा पाणी घातलं, आजीबाई घुमली, मागोमाग मास्तर, वाडगे, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून उडत टिकलीची चिमणी! मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या ताईला टाळ्या नीट ऐकूच आल्या नाहीत. ती नुसती त्या पाच डोक्यांकडे बघत होती. एवढीशी पोरं, आणि केवढं ऐकतात!

"काल या मुलांनी मला एक मिनिट गप्प बसवलं," व्यवस्थापककाका ध्वनिक्षेपकावर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदाच! आणि त्या एका मिनिटात त्यांनी आमच्या शिबिराचं पाणी वाचवलं. ही मुलं आणि ही त्यांची ताई, पुढच्या वर्षी यांना मोठा हॉल!"

प्लंबरकाकांनी जोरदार शिट्टी वाजवली. आई गर्दीतून वाट काढत आली.

"भांडी शाबूत आहेत ना माझी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ताईला कुशीत ओढून घेतलं. "शहाणी गं माझी बाय!"

गर्दी पांगली. ताई पेल्यांतलं पाणी बादलीत ओतत होती. टिकली चिमणी पुसत शेजारी येऊन बसली.

"ताई, घूं रोज वाजायचा ना?"

"हो, रोज."

"मग मोठ्या माणसांना का नाही ऐकू आला?"

"त्यांना खूप कामं असतात गं. डोक्यात सतत काहीतरी चालू असतं. मग कानांना वेळच मिळत नाही."

टिकलीने चिमणी उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पुसली.

"तुला पण नव्हता ऐकू आला."

"नव्हता," ताईने कबूल केलं.

टिकलीने मान वर करून तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"म्हणजे ताई, तू मोठी झालीस का?"