निळ्या उजेडातली खोली

शिवकांताचं बाळ दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा घरी येणार होतं, म्हणून त्या दुपारी ती जळकोटच्या घरातली मधली खोली आवरत होती.

बाळ दिवस भरायच्या आधीच झालं होतं. लातूरच्या दवाखान्यात ते अजून काचेच्या पेटीत होतं. तिचा नवरा अमरेश त्याच्याजवळ थांबला होता आणि खोली तयार करायला तिला एक दिवस आधी पाठवलं होतं. लेकराला जंतूंपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून अमरेशनं लातूरहूनच जंतू मारायचा एक दिवा घेतला. तांब्याएवढा घेर आणि वर उभी काचेची नळी, एका हातात उचलता येईल असा.

"ह्याचा उजेड अंगावर पडू द्यायचा न्हाई, डोळ्यावर तर मुळीच न्हाई," त्यानं सांगितलं होतं. "बटण दाबायचं अन् बाहेर येऊन दार लावायचं. मग तो पेटतो. आत कोणी हललं तर आपोआप बंद होतो. भ्यायचं काम न्हाई."

मधली खोली बरीच वर्षं बंद होती. शिवकांताची सासू, महानंदाबाई, तिथंच अंथरुणाला खिळून वारल्या. तेव्हा शिवकांता ह्या घरात आलीही नव्हती. सासूबाई तिला माहीत होत्या त्या फक्त फोटोतून, कपाळभर विभूती लावलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. बाळासाठी गार खोली म्हणून सासरे सिद्रामप्पांनी स्वतः कुलूप काढून दिलं.

तिनं फरशी पुसली, नवा पाळणा टांगला, धुतलेली दुपटी घातली. दिवा पाळण्याजवळच्या स्टुलावर ठेवला, बटण दाबलं, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून निळसर उजेडाची रेघ फरशीवर उमटली आणि लगेच विझली.

पाल असेल, असं तिला वाटलं. तिनं आत जाऊन कोपरे, फळ्या, पंख्याची पाती सगळं पाहिलं. काही नव्हतं. खिडकी बंद होती, पडदा जागचा हलत नव्हता. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा निळी रेघ आली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तसंच झालं. बाहेर टळटळीत ऊन होतं, तरी दाराच्या कडीला हात लावताना ती कडी तिला विहिरीतल्या दगडासारखी गार लागली.

सिद्रामप्पा ओसरीवर बाजेवर बसले होते.

"मामा, दिवा खराब निघाला वाटतं. आत कोणी न्हाई, तरी बंद होऊन राहिलाय."

म्हातारा बाजेवर सरळ होऊन बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "तिला उजेड सोसत न्हवता."

"कोणाला?"

"तुझ्या सासूला. शेवटी शेवटी तर काडी ओढली तरी ओरडायची. खिडकीला गोधड्या लावल्या होत्या आम्ही..." त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "सांगून बघ तिला. बाई समजूतदार होती."

शिवकांताला हसूही येईना. पण बाळ उद्या यायचं होतं. ती उंबऱ्यावर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि अंधाऱ्या खोलीत बोलली, "आत्याबाई... तुमचा नातू येऊन राहिलाय उद्या. तेवढं बाहेर बसा थोडा वेळ..."

तिच्या शेजारून कोणीतरी गेल्यासारखा गारवा अंगाला चाटून गेला. जुन्या औषधी तेलाचा वास आला आणि ओसरीकडं निघून गेला.

तिनं बटण दाबलं. ह्या वेळी उजेड विझला नाही.

निळी रेघ स्थिर राहिली. वेल्डिंगच्या दुकानात येतो तसा जळका, तिखट वास फटीतून येऊ लागला. शिवकांता भिंतीला टेकून बसली. जीव जरा शांत होतोय न होतोय तोच आतून आवाज आला.

बारीक, दमलेला, अर्ध्यावर तुटणारा. मांजराच्या पिलासारखा... पण ते मांजर नव्हतं. काचेच्या पेटीला कान लावून किती दिवस तिनं हाच आवाज ऐकला होता. तिचं बाळ रडत होतं.

तिनं दार लोटलं आणि आत धावली. कोणी हललं की दिवा विझतो. आता तो विझला नाही. निळ्या उजेडात पाळणा हलके हलके झुलत होता. तिनं डोळ्यांवर पदर ओढला, चाचपडत भिंत गाठली आणि वायर हिसकून काढली.

अंधार झाला. रडणं थांबलं. पाळण्यात कोणी नव्हतं. दुपटं मधोमध दबलं होतं आणि त्या खळग्यात हात घातला तर तो कोमट होता.

संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागली, हाताची कातडी लाल झाली. ती ओसरीवर ओल्या फडक्यानं डोळे टिपत बसली होती, तेवढ्यात अमरेशचा फोन आला.

"घाबरू नको," तो म्हणाला, पण आवाज त्याचाच कापत होता. "दुपारपासून लेकराचं अंग लालेलाल झालंय. उन्हात ठेवल्यावानी. सिस्टर म्हणतात, पेटीतून काढलंच न्हाई, कसल्या उजेडाखाली ठेवलंच न्हाई. लई रडलं गं. डॉक्टर म्हणतात डोळे वाचले, ते नशीब... फोटो पाठवलाय, बघ."

तिनं फोटो उघडला. इवलासा चेहरा लाल झाला होता. फक्त डोळ्यांवरून कानशिलापर्यंत कातडी पांढरी राहिली होती. उजेडाच्या आड कोणीतरी हात धरल्यासारखी, बोटं न् बोटं उमटलेली.

"मामा," तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. "आत्याबाईंनी झाकलं बघा माझ्या लेकराला... त्यांचा हात हाय हा."

सिद्रामप्पांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. पण त्यांना नीट दिसेना.

"करंगळी हाय का गं?"

"हाय की. पुरी हाय. लांब हाय चांगली."

म्हाताऱ्यानं फोन तिच्या मांडीवर ठेवला. मागं वळून मधल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"महानंदाला करंगळी न्हवती, पोरी. लग्नाआधीच कडबाकुट्टीच्या पात्यात तुटून गेली होती..."

फोन स्पीकरवर चालूच होता. अमरेशचा आवाज आता हलका झाला होता.

"शिवकांता, ऐकतेस ना? झोपलं बघ आत्ता. कोणी थोपटल्यावानी गप झालं... झोपेत हसून राहिलंय."