चौदा नंबरची पट्टी

सभासदत्व दोघांच्या नावावर, हौस नवऱ्याची आणि होड्या घासायचं काम बायकोच्या वाट्याला, असं ते सगळं जमून गेलं होतं.

तळ्यावरचा तो शिडाच्या होड्यांचा क्लब सभासदच चालवत. पगारी माणूस एकही नाही. शिकायचं असेल तर खुशाल शिका, पण होड्या घासा, दोर धुवा आणि आळीपाळीनं किनारा सांभाळा. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. चार महिन्यांत तो वाऱ्याचा रोख ओळखून शीड फिरवायला शिकला. ती हॉस्पिटलात नर्स, म्हणून क्लबातही तिचं नाव सिस्टरच पडलं. होडीत ती आजवर एकदाच बसली होती. "पुढच्या रविवारी तू जा," असं तो दर रविवारी म्हणायचा आणि दर रविवारी तिची किनारा ड्यूटी स्वतःच्या हातानं लिहून टाकायचा.

शेडच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नंबराची लाकडी पट्टी, एका बाजूनं निळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी. पाण्यात जाताना निळी करायची, माणूस परत आला की पांढरी. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. शिडं शिवणारे शिंपीकाका क्लबातले सगळ्यात जुने. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं.

"आधी माणूस डोळ्यांनी बघायचा, मग पट्टी फिरवायची. उलटं करू नका, सिस्टर."

"उलटं केलं तर काय होतं?"

"काही नाही. माणूस येतो," काका सुईवरची नजर न काढता म्हणाले. "लगेच येतो."

म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

त्या रविवारी ती सलग दोन रात्रपाळ्या करून आली होती. पाय नुसते भरून आले होते. घरी सासूबाई आठ वर्षांपासून अंथरुणावर, अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. त्यांच्याजवळ बसणारी बाई सहाच्या ठोक्याला निघायची. एक मिनिट उशीर झाला की तोंडाचा पट्टा सुरू. पाच वाजले. बाकी सगळे परतून घरी गेलेसुद्धा. फक्त चौदा नंबर निळा होता. नवरा पहिल्यांदाच एकटा गेला होता आणि नेमका वारा पडला होता. लांब, हद्दीची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या नारिंगी पिंपाच्याही पलीकडे, त्याचं शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. आता हा वल्हं मारत येणार, म्हणजे निदान अर्धा तास.

"माझ्या जिवाची कुणाला पर्वाच नाही," ती मोठ्यांदा म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं.

आवराआवर तरी उरकून घेऊ, तोवर येईलच, असा विचार करून तिनं चौदाची पट्टी पांढरी केली. वहीत सही केली. दोर गुंडाळून खुंटीला लावले.

"झालं का? चल."

नवरा शेडच्या मागून आला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"अगं बाई! एवढ्यात आलात? आणि होडी?"

"लावली."

जेट्टीपर्यंत जाऊन बघायला हवं होतं. पण वीस पावलं चालणंसुद्धा तिच्या जिवावर आलं. तिनं कुलूप लावलं, गाडीत बसली आणि फाटक यायच्या आधीच तिला झोप लागली.

घरी पोचल्यावर त्यानं आईला उचलून उशीला टेकवून बसवलं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, जसं ती आठ वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत होती अगदी तसं. मग भांडी घासली. ओटा पुसला. ती दारातच उभी राहून बघत होती. तिला रडूच यायला लागलं.

"आईचं रात्रीचं औषध जेवणानंतर आहे," तो बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत म्हणाला.

सासूबाईंनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. घट्ट. त्या मुलाकडे बघत होत्या आणि तिचं मनगट सोडत नव्हत्या.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मागे एकदा शिडाचा दांडा लागून चष्मा पाण्यात गेला होता. तेव्हापासून होडीत बसताना तो चष्मा तिच्याजवळ देऊन जायचा. आजही दिला होता. तिनं पर्स उघडली. चष्मा पर्समध्येच होता.

चष्म्याशिवाय त्याला घड्याळसुद्धा दिसायचं नाही.

आठच्या सुमाराला बेल वाजली.

"अगं, दार उघड." बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. धापा टाकत होता. "कुलूप लावून गेलीस? केवढा चालत आलोय मी! मला नीट दिसत नाहीये गं. चष्मा दे."

स्वयंपाकघरातून तो चहाचा कप घेऊन आला. दाराकडे त्यानं बघितलंही नाही.

"तू बस," तो म्हणाला. "दमलीयेस."

आठ वर्षं. आठ वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती.

बेल पुन्हा वाजली.

ती उठली. दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवला.

आतून आणखी एक कडी होती, वरची. तिनं तीही लावली.

मग येऊन बसली आणि चहा गरम असतानाच प्यायली.

सकाळी दाराबाहेर ओली पावलं होती. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नव्हतं.

आता घरातलं सगळं तोच करतो. आईचं, भांड्यांचं, झाडलोटीचं. तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. दर सोमवारी सकाळी उंबऱ्याबाहेरची ओली फरशी मात्र ती स्वतः पुसते.

ते काम ती त्याला करू देत नाही.