चराच्या बाजूनं

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण घडलं ते असंच. मला लायलच्या बायकोनं सांगितलं, आणि डॉरीन शब्दसुद्धा भाव करून खर्च करणारी बाई आहे.

अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखात, वेल्बी गावाबाहेरचा हायवे. सप्टेंबरची टळटळीत दुपार.

सार्जंट लायल प्रोहास्कानं एक निळी गाडी थांबवली. तो एकटाच होता.

आताशा गाड्या लांबूनच लेन बदलत होत्या. पोलीस उभा दिसला की बाजूची लेन सोडायची, असा नवा कायदा आला होता. लोक त्याला डेरिकचा कायदा म्हणत. डेरिक लायलच्या हाताखालचा पोरगा. अशाच एका थांबवलेल्या गाडीच्या खिडकीशी ट्रकनं त्याला उडवलं.

या कायद्यासाठी राजधानीत साक्ष लायलनंच दिली. "पोरगा नियमानं वागला," म्हणाला. सभागृह रडलं. लायलला पदक मिळालं.

साक्षीत त्यानं एवढंच वगळलं...

थांबवलेल्या गाडीकडे डेरिक कायम रस्त्याकडेच्या चराच्या बाजूनं, वाहनांपासून लांब चालत जायचा. नियमही तोच होता. आणि लायल चारचौघांत ओरडायचा, "काय आजीबाई, हात धरू का?"

त्या दिवशी पोरगा रस्त्याच्या बाजूनं गेला.

'हे बोललो असतो तर कायदाच पडला असता,' असा हिशोब लायलनं स्वतःला पटवला होता. पण आज संध्याकाळी डेरिकची आई त्याच्या नावाचा फलक उघडणार होती. आज तिला खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

तसं पूर्वीही ठरवलं होतं.

तो निळ्या गाडीशी पोचला. आत एक म्हातारी. तिच्या पलीकडची, चराकडची काच आधीच खाली...

"लायसन्स दाखवा, बाई."

"पुन्हा? आत्ताच तर दाखवलं तुमच्या पोराला!"

"कुठल्या पोराला?"

"हा काय इथे..." ती वळली. "गेला वाटतं. चांगल्या वळणाचा आहे हो."

चरात कोणी नव्हतं. वारा पडलेला.

तरी खडी वाजली... एकदाच.

लायल खिडकीशी वाकला. "काय म्हणाला तो?"

म्हातारी घुटमळली. "सांगू नका म्हणाला."

"सांगा."

"म्हणाला, मी या बाजूनं आलो ते सार्जंटना कळू देऊ नका... ते सगळ्यांसमोर हसतात."

लायलनं तिला तसंच जाऊ दिलं.

संध्याकाळी डेरिकच्या आईनं त्याचा हात धरला. "लायल, दोन शब्द बोल ना रे. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखत होतं?"

लायल बोलला.

तेच, जुनेच शब्द.

टाळ्या पडल्या.

डॉरीन सांगते, तेव्हापासून तो कुठलीही गाडी थांबवो... चराकडची काच आधीच खाली असते.

का, ते तो कुणालाच विचारत नाही.