नको म्हणणारा चित्रांचा डॉक्टर

"अहो, थुंकी लावून पुसताय ते?"

कलादालनात कुजबुजीच्या वर आवाज चढवायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. पण ती शाळेत खेळ शिकवणारी. मुलांनी तिचं नावच शिट्टी ठेवलं होतं आणि मैदानावर तयार झालेला तो गळा चार भिंतींत थोडाच दबून राहणार! दालनातल्या सगळ्या माना वळल्या.

दोरीपलीकडे, एका बाईच्या काळवंडलेल्या भल्यामोठ्या चित्रासमोर स्टुलावर एकजण बसला होता. कापूस गुंडाळलेली काडी त्याच्या तोंडात तशीच राहिली आणि कान लालबुंद झाले. मग काडी बाहेर काढून त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं, की जुन्या चित्रांची दुरुस्ती हाच त्याचा धंदा, आणि अशा काजळीवर थुंकीइतकं सौम्य औषध क्वचितच मिळतं. बोळा ओला करायचा, हलक्या हाताने फिरवायचा, मळला की टाकून द्यायचा. त्याच्या गुरूंनीही असंच केलं होतं. शेजारी तशी पाटीसुद्धा लावली होती. शिट्टीने ती वाचली नव्हती.

"माफ करा," ती म्हणाली. "पण त्या चित्रातल्या बाईला विचारलंत का?"

तो हसला. त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे तिने तिथल्या तिथे टिपलं. पंचाची नजर होती तिची, काही सुटत नसे.

हे सगळं घडलं मावशीमुळे. मावशीने आयुष्यभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे आवाज ऐकले होते. आता निवृत्त झाल्यावर तिला चेहरे पाहायचे होते. या सुट्टीत शहरातलं एकही प्रदर्शन सोडायचं नाही, असं तिने फर्मान काढलं आणि भाचीला बखोटीला धरून बाहेर काढलं. लग्नाची स्थळं पाहावीत तशी मावशी चित्रं पाहायची. हा नाक वर करून बसलाय, याच्या घरात सून टिकायची नाही. ही बाई बरी आहे, पण नवऱ्याचं काही चालू देत नसणार. दोघींनी लाकडी पुतळे पाहिले, काचेची झाडं पाहिली, नुसत्या चौकोनांचंही एक प्रदर्शन पाहिलं आणि बाहेर येऊन पोट धरून हसल्या. पण कुठेही निघाल्या तरी शिट्टीचे पाय शेवटी त्या दोरीपाशीच येत. मावशी बाकावर बसून गुडघे चोळायची आणि काही विचारायची नाही. न विचारता सगळं समजणं ही तिची जुनी नोकरीच होती.

चित्राचं काम शाळा उघडायच्या सुमाराला संपणार होतं. ते संपलं की तो दुसऱ्या गावचं चित्र बरं करायला निघून जाणार. स्वतःच्या मनाचं शिट्टीला केव्हाच कळून चुकलं होतं. त्याच्या मनात काय आहे, ते मात्र तो जायच्या आत कळायला हवं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण तशी लक्षणं चांगली होती. ती आली की तो स्टूल जरा बाजूला सरकवायचा, तिला नीट दिसावं म्हणून. एके दिवशी चित्राच्या कोपऱ्यातल्या काळोखातून पिवळं कुत्रं बाहेर आलं, तेव्हा दुपारपर्यंत त्याने ते कापडाने झाकून ठेवलं आणि सगळ्यात आधी तिला दाखवलं. कापड उचलताना तो चित्राकडे पाहतच नव्हता... तिच्याकडे पाहत होता. पण तिने कॉफी आणली की "नको". बिस्किटं आणली, "नको". घरून गार लिंबू सरबत आणलं, तर घशाखाली आवंढा गिळून "आत्ता नको". रोज नकार घेऊन परतायची तिला सवय नव्हती. पोरगा उपाशीपोटी प्रेम करणाऱ्यांतला दिसतो, असं मावशी म्हणाली. शिट्टीला काही ते पटलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने कॉफीचा कप दोरीच्या खांबावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या हातचं काही नकोच असेल तर तसं सांगा. रोज रोज आणायला मला हौस नाही."

तो गडबडून उभा राहिला. "तसं नाही हो. दिवसाचं काम संपेपर्यंत पाण्याशिवाय काही घेता येत नाही. कॉफी, साखर, काही पोटात गेलं की थुंकी... म्हणजे, चित्राला चालत नाही."

"मग हे सांगायचं नाही?"

"पहिल्याच दिवशी थुंकीवरून तुम्ही मला दालनभर ऐकू जाईल असं झापलंत. तोच विषय तुमच्यापुढे पुन्हा काढायला..." तो खाली पाहू लागला, "धीरच झाला नाही."

शिट्टीला हसू आवरेना. इतक्या रात्री कूस बदलत काढल्या होत्या, त्या या एका बोळ्यापायी! आता विचारायचं नाही तर कधी?

"मला आडवळणाने बोलता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडता. उद्या तुम्ही चाललात. मीही तुम्हाला आवडत असेन तर आज सांगा, नसेन तरी आजच सांगा. पडल्यावर उठायचं कसं हे मी पोरांना रोज शिकवते, माझी काळजी करू नका."

त्याने हातातली काडी खाली ठेवली.

"दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक फार लांबचं, मोठ्या संग्रहालयातलं... नाव झालं असतं. दुसरं इथून बसने दोन तासांवर, एका नाट्यगृहाचा रंगवलेला पडदा आहे, उंदरांनी कुरतडलेला. मी पडद्याला होकार कळवला."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारायचा धीर नव्हता," तो म्हणाला. "पण तुमच्यापासून लांब जायचा त्याहून नव्हता."

शिट्टीने सरळ दोरी ओलांडली आणि त्याचा हात हातात घेतला. दालनाचा पहारेकरी लगबगीने उठला, तशी मावशीने बाकावरूनच त्याला खाली बसवलं आणि त्याच्या घरी कोण कोण असतं याची चौकशी सुरू केली.

"शनिवारी शाळा लवकर सुटते," शिट्टी हळूच म्हणाली. इतक्या हळू ती कधी बोललीच नव्हती. "चारच्या सुमाराला पोचेन. स्टँडवर घ्यायला याल?"

"सकाळपासूनच उभा राहीन."