सात नंबरचा शेरा

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी सात नंबरच्या खाटेचा अलार्म तिसऱ्यांदा बंद झाला. कोणी हात लावला नव्हता.

त्या खाटेवर तिचा दादा होता. ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते. त्याचा श्वास अडखळला तर सिस्टरला कळायचा तो अलार्मच एक मार्ग. आणि रुग्णालयाची संगणक यंत्रणा सांभाळायचं काम तिचं.

पूर्वी हे सोपं होतं. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या वळणाची यंत्रणा, सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलीत. फाइल उघडायची, ओळ बदलायची, शेजारी कारणाचा शेरा लिहायचा. सिस्टर ते शेरे वाचून हसायची. "अगं, 'रिकामी'तली मी दीर्घ! किती वर्षं 'रिकामि' लिहिणार?" मग नवी कंपनी आली. तिने सगळं स्वतःच्या बंद डेटाबेसमध्ये कोंबलं, शेऱ्याची सोयही ठेवली नाही.

आता तिने सातचा अलार्म पुन्हा 'चालू' केला. यंत्रणा सुरू होताच 'बंद'.

तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, डेटाबेस आपल्या मनाने काही करत नाही," तिथला माणूस कंटाळून म्हणाला. "बदल तुमच्याच नावावर आहे. चार वाजून दहा मिनिटांनी."

"अहो, आत्ता सव्वातीन वाजलेत."

"घड्याळ चुकलं असेल. खाली शेराही आहे."

"तुमच्यात शेऱ्याची सोय कुठे आहे?"

"नाहीच. पण लिहिलंय. 'खाट रिकामि.' मि ऱ्हस्व आहे, मॅडम."

ती वॉर्डात धावली.

"सिस्टर, दादाला नऊवर हलवा. आत्ता."

"काय गं, झालं काय?"

"सातचा अलार्म मेलाय."

"बहीण इंजिनिअर," दादा खाटेवरून पुटपुटला, "आणि माझी वरात या खाटेवरून त्या खाटेवर!"

नऊचा अलार्म तिने स्वतः वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. मग तिने पुन्हा फोन लावला.

"सात चालू झालाय," तो म्हणाला.

तिने श्वास सोडला. "आणि नऊ?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"अहो, नऊ?"

"बंद. वेळही वेगळी आहे. तीन अठ्ठावन्न."

"शेरा?"

"'खाट रिकामि. हलवायला नको होतं.'"

तिने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन सत्तावन्न झाले होते.